आई उठून का गेली

मु. खडकेवाडी, तालुका शेवगाव
१४ नोव्हेंबर १९४३

शांतवन यास,
बहिणीचा सलाम.

आई पडली आहे. खुब्याचं हाड मोडलं आहे. मंगळवारी पडली, आज रविवार. पाच दिवस मी मुद्दाम लिहिलं नाही. म्हटलं, बेलापूरच्या बाजूला आपल्या गावची माणसं रोज जातात-येतात, तुझ्या कानावर जाईल आणि तू येशील. आता वाट पाहून कंटाळले.

कशी पडली म्हणशील तर, संध्याकाळी शेळी पाहायला ओढ्याकडे गेली होती. दरडीवरून पाय घसरला. एवढंच.

हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या आहेत. उद्या शेजारच्या पुंजारामच्या गाडीतून शेवगावला आणि तिथून मोटारीने नगरच्या दवाखान्यात नेणार आहे. शाळेतून चार दिवसांची रजा मागितली तर मोझेस गुरुजी म्हणाले, "दीनाबाई, मुलाला कळवा, हे मुलाचं काम आहे." मी म्हटलं, मुलगा पाळक आहे, त्याला दुसऱ्यांच्या आया सांभाळायच्या असतात. गुरुजींनी रजेवर सही केली. तेच तर आपल्या देवळाच्या मंडळीच्या पंचांतले मुख्य. तुझी एप्रिलची चिठ्ठी त्यांच्याच हातात पडली होती.

ती चिठ्ठी मला पाठ आहे. ईस्टरच्या रविवारी तू पाळकपणाची दीक्षा घेतल्यावर पहिल्यांदा आपल्या देवळात प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला दिलास. तू भाकर हातात घेतलीस आणि पुढच्या बाकावरून आई उठली आणि सगळ्यांदेखत बाहेर गेली. आपल्याकडची रीत लहान पोरालाही ठाऊक आहे. ज्याच्या मनात कोणाबद्दल अढी आहे त्याने भाकर फोडायच्या आधी उठून जावं, अढी काढावी आणि मग यावं. तू मागचा-पुढचा विचार केला नाहीस. तीन दिवसांत पंचांना लिहिलंस, 'माझ्या आईने माझी पत्नी दया हिच्याबद्दल मनात धरलेली अढी टाकेपर्यंत तिला भाकर व प्याला देऊ नये. न्याय माझ्याच घरापासून सुरू व्हावा.' काय वाहवा झाली तुझी! पाळक असावा तर असा, सख्ख्या आईलाही सूट नाही. जुलैत आणि ऑक्टोबरात इथे येऊन भाकर द्यायची तुझी पाळी होती, तर तू दुसऱ्या पाळकाला पाठवलंस. म्हणजे तोंड बघायला नको.

सात महिने आई भाकरीवाचून आहे. तुला ते शिस्तीचं वाटत असेल. तिला ते काय आहे हे तिच्या शेजारच्या बाजेवर निजणारीला विचार.

आता ती एकच मागते. मरायच्या आधी तुझ्या हातची भाकर. तू थांबवलीस, तूच सुरू करायची. ये.

दीना


३ डिसेंबर १९४३

शांतवन,

तुझं पत्र मिळालं. 'आईने अढी कबूल करावी, दयाची क्षमा मागावी, की मी दुसऱ्या दिवशी निघतो.' माझ्या वर्गातल्या पोराने असं काही लिहिलं असतं तर त्याला दिवसभर दाराबाहेर उभं केलं असतं. आईचं हाड मोडलं आहे आणि तू अट घालतोस!

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शेळी-बिळी काही नव्हती. आईने माझ्याकडून शपथ घेतली होती, शांतवनला कळता कामा नये. ती शपथ मी आज मोडते. पाप लागलं तर माझ्या नावावर लाव, तुला लोकांच्या नावावर पाप लावायची सवय आहेच.

आईला लघवी धरवत नाही.

परत वाच. पत्र घडी करून ठेवू नकोस. आईला लघवी धरवत नाही, आणि आज नाही, दहा-बारा वर्षं. नऊ बाळंतपणं झाली तिची. चौथ्या दिवशी दळायला बसली प्रत्येक वेळी. तुझ्या वेळेपासून तिचं अंग बाहेर येतं. वीस वर्षं ती बायबलबाई म्हणून पहाटे निघून गावोगाव हिंडली, दुसऱ्यांच्या अंगणात बसून येशूच्या गोष्टी सांगितल्या आणि अंधार पडेपर्यंत दम धरला. तुझ्या पुस्तकांचे पैसे त्या हिंडण्यातून आले. पुरुष झाडाकडे तोंड करून मोकळा होतो. बाईने कुठे जायचं, याचा विचार मिशनने केला नाही आणि मंडळीनेही केला नाही.

आता ईस्टरचं सांगते. 'पाळकाची आई' म्हणून तिला पुढे बसवलं. आदल्या रात्रीपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. आत जुन्या धोतराची घडी लावली होती. आणि तू सव्वा तास उपदेश केलास! मी घड्याळ पाहत होते. तुझ्या प्रत्येक 'शेवटी सांगायचं म्हणजे'ला तिचे ओठ आवळत होते. तू भाकर उचललीस तेव्हा तिला आवरेना. ती उठली नसती तर देवाच्या दारात, तुझ्या पहिल्या भाकरीसमोर, बाकावरून ओघळ आला असता. तुझी लाज राखायला ती उठली, शहाण्या. देवळामागच्या भिंतीपर्यंतही पोचली नाही. लुगडं भिजलं म्हणून परत आत आली नाही.

आणि दयाचं. फेब्रुवारीत आई तुझ्याकडे तीन दिवस राहिली आणि दयाच्या हातचं पाणी घेतलं नाही. बरोबर? दयाच्या घरची पूर्वीची जात वेगळी, आपली वेगळी, म्हणून सासू अजून जात पाळते, असं दयाला वाटलं. तुलाही वाटलं. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्या वाड्यांत जाऊन, मिळेल त्या ओसरीवर बसून प्रार्थना केली, ती जात पाळते! अरे, तुझं घर भर पेठेत. मागे हातभर मोकळी जागा नाही. तीन घरांत मिळून एक पायखाना, तिथे रांग. तिने पाणी प्यायचंच सोडलं. तरी दुसऱ्या रात्री वाकळ भिजली. पहाटे कोणी उठायच्या आत तिने ती एकटीने धुतली, आणि तू 'कायमची इकडेच ये' म्हणालास तेव्हा चटकन 'नाही' म्हणून मोटारीत बसली. आईच्या चटकन 'नाही'चा तू अर्थ लावलास. पाळकाला सगळ्याचा अर्थ लावता येतो.

आता पडली कशी ते. आपल्या घरामागे बाजरी उभी असते तोवर बायकांना आडोसा असतो. बाजरी कापली की रान उघडं पडतं. मग ओढ्यापर्यंत जावं लागतं, आणि तेही दिवस बुडाल्यावर. तू याच घरात वाढलास, बाजरी निघाल्याचा तुला आनंदच ठाऊक आहे. त्या मंगळवारी मागच्या खळ्यात दिवसभर माणसं होती. आईने सकाळपासून धरलं. सूर्य टेकला तशी ती धावली. एकसष्ट वर्षांची बाई दरडीवरून धावली.

चांगुणा, पुंजारामची बायको, तीही तिकडेच आली होती. तिने आईला पाहिलं, शिवाशिव विसरून डोकं मांडीवर घेतलं आणि माणसांना हाक मारायला तोंड उघडलं, तर आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आदी माझं लुगडं बदल. मंग बोलाव." चांगुणा घरी पळत आली, कोरडं लुगडं घेऊन परत गेली. मोडलेल्या खुब्यावरून भिजलेलं लुगडं सोडवलं, कोरडं नेसवलं. चांगुणा मला म्हणाली, "मास्तरीनबाई, म्हतारी वरडली न्हाई. दात खाऊन पडून ऱ्हायली. मलाच रडू आलं." तोवर काळोख पडला. मग माणसं आली, बाज आली.

माझंही सांगते, म्हणजे तुलाच सगळं नको. आई घरात एक घमेलं ठेवायची, मोरीच्या कोपऱ्यात, राख घालून. त्या दिवशी मंडळीच्या बायका प्रार्थनेला यायच्या होत्या. वास येतो म्हणून मी ते सकाळी गोठ्यात नेऊन ठेवलं. मी तिला म्हटलं, "लोकांसमोर शोभा नको." ते घमेलं जागेवर असतं तर ती ओढ्याकडे गेलीच नसती. मी रोज हे स्वतःला सांगते आणि रोज मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. तुझ्या तर जास्तच.

आता क्षमा कोणी कोणाची मागायची, ते ठरव.

दीना


२० डिसेंबर १९४३

शांतवन,

'मला आधी का सांगितलं नाही?' वा! कधी सांगायचं होतं? तू आत्म्याविषयी बोलत असताना, की देहाच्या वासनांविषयी? आईने मुलाला उठून हे सांगावं, अशी तुम्ही काय सोय ठेवली आहे?

पुढे लिहिलंस की मंडळीला 'काही गैरसमज झाला होता' इतकंच सांगू, स्त्रियांच्या आजाराचा शब्द देवळात काढणं बरं दिसणार नाही. म्हणजे थांबवलं तेव्हा वेशीवर डंका, आणि चुकलं तेव्हा कानात कुजबुज.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, हाड या वयात जुळायचं नाही, पाठीला जखमा होऊ देऊ नका. मग विचारलं, किती वर्षं धरवत नाही? मी सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, "हे म्हातारपण नाही, हा आजार आहे. बाहेर येणाऱ्या अंगाला आतून आधाराचं कडं बसवता येतं, दहा मिनिटांचं काम. दहा वर्षांपूर्वी का नाही आणलं?" मी काय सांगणार? दहा वर्षांपूर्वी आम्ही लाजत होतो. आणि पाणी तोडलं की उलट जास्त आग होते, जास्त वेळा जावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. मीच आईला संध्याकाळनंतर पाणी देत नव्हते. रॉकेल मिळत नाही, अंधारात उठायला नको म्हणून. शिकलेली बाई ना मी!

आता पुढचं ऐक. मोझेस गुरुजींच्या वहीत 'विश्वासात थंड पडलेल्या' म्हणून अकरा बायकांची नावं आहेत. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. शाळा सुटल्यावर मी एकेकीच्या घरी गेले. आधी कोणी बोलेना. मग मी म्हटलं, मी पंचेचाळीसची आहे, हल्ली मला शिंक आली की मी आधी भिंत धरते. गोजरबाईने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "बाई, हसवू नगा, आत्ताच वाकळ वाळलीया." लंकाबाई दोनदा पडली आहे, मनगट वाकडं झालं आहे. घरी सांगितलं विहिरीवर पडले. भीमाबाई म्हणाली, "देवळात बसलं की उपदेस कानात जात न्हाई, नुस्तं दाराकडं ध्यान. मंग जायाचं कशाला?"

अकरांतल्या आठ, शांतवन. त्यांना थंड म्हणून लिहिलंय तुमच्या वहीत.

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं मी एकलीच हाय." आणि मग तिला राग आला. माझ्या जन्मात मी आईला इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "त्याला लिही. माझं नाव घिऊन सांग म्हनावं. समद्यांपुडं. मरायला टेकल्याली बाई कुनाला लाजती?"

म्हणून लिहिते. ती भाकर मागते, आणि ती चोरून नको म्हणते.

दीना


४ जानेवारी १९४४

प्रिय शांतवन,

तू आलास. दयालाही आणलंस. हे मी तुझ्या जमेला धरलं आहे, रागातही धरलं आहे.

तू आईच्या पायाशी बसून नुसता रडत होतास तेव्हा मला तुझी कीव आली नाही, खोटं कशाला बोलू. पण दया सरळ रांजणाकडे गेली, तांब्या भरून आणला, आईचं डोकं हातावर घेतलं आणि म्हणाली, "आत्या, प्या. सगळं प्या. पुढचं मी बघते." आई तांब्या रिकामा होईपर्यंत प्याली. तो घटघट आवाज ऐकून मी मोरीत जाऊन रडले. आणि मग दयाने सगळं केलं, घमेल्यासकट, तोंड न फिरवता. सून असून ती तुझ्यापेक्षा बरं लेकरू निघाली.

भाकर दिलीस. उपदेश केला नाहीस, हेही लक्षात आहे. तू गेल्यावर आई म्हणाली, "त्याचा हात बापासारका हाय." दोन दिवस ती सुखाने झोपली.

निघताना मी गाडीपाशी तुला विचारलं, मंडळीला सांगशील ना? तू म्हणालास, सांगीन. पुढच्या वेळी येईन तेव्हा सगळ्यांसमोर सांगीन. मी ते आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "सांगंल. माझा हाय त्यो."

पाठीची जखम वाढते आहे. लवकर ये.

दीना


१० फेब्रुवारी १९४४

शांतवन,

सोमवारी तू जेवायला न थांबता निघून गेलास. दया थांबली. ती माझ्याशेजारी बसली आहे आणि हे मी काय लिहिते ते तिला ठाऊक आहे.

तू कबरीपाशी काय बोललास? सगळी मंडळी जमली होती, चांगुणा आणि पुंजाराम बांधाशी उभे होते, आईची पेटी अजून खाली सोडायची होती. आणि तू म्हणालास, "माझी आई काही काळ भटकली. तिच्या मनात कटुता आली होती. पण प्रभूने तिचं मन फिरवलं, आणि अखेरच्या दिवसांत तिने समेट करून भाकर घेतली." बायका रडल्या. मोझेस गुरुजींनी डोळे पुसले. किती सुंदर झालं रे तुझं भाषण!

तू वचन दिलं होतंस. शब्द तुझ्या जिभेवर आला नाही, हे मी समजू शकते. मग गप्प बसायचं होतंस. न बोलणं वेगळं, आणि मेलेल्या आईवर पाप टाकून आपण मोकळं होणं वेगळं. ती तुझ्यावर भरवसा ठेवून गेली. शेवटच्या दिवशीही विचारत होती, "सांगितलं का त्यानं?" मी म्हटलं, येतोय, सांगणार आहे.

म्हणून मी बोलले. मी बेभान झाले होते असं तू लोकांना सांगितलंस म्हणे. मी पूर्ण भानावर होते. वर्गात धडा सांगते तसं सांगितलं. माझी आई भटकली नव्हती. तिला लघवी धरवत नव्हती म्हणून ती उठून गेली. ती जात पाळत नव्हती, ती पाणी पीत नव्हती. ती पडली ती आडोसा शोधताना. तिच्यात कटुता नव्हती, असती तर बरं झालं असतं, लवकर ओरडली असती.

तू खाली पाहत होतास, म्हणून पुढचं पाहिलं नाहीस. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी "बाई, बास" म्हणालं. आणि गोजरबाई, जी तीन वर्षं देवळात आली नाही, ती काठी टेकत पेटीपाशी आली आणि म्हणाली, "मलाबी तेच हाय. लिवा तुमच्या वहीत." तिच्यामागून लंकाबाई आली. भीमाबाई आली. चांगुणा ख्रिस्ती नाही, पण ती बांधावरून म्हणाली, "आमच्यातबी हाय, बाई. समद्या वाड्यात हाय." आईची पेटी त्या बायकांनी खाली सोडली. दोर पुरुषांच्या हातात होते, ते त्यांनी काढून घेतले.

त्यानंतर इथे काय झालं ते कळवते. मंगळवारी पुंजारामने ओढ्याच्या अलीकडे, आमच्या दोन्ही घरांमध्ये, बाभळीच्या फाट्यांचा आडोसा घातला. जमीन सपाट केली, धरायला एक खुंट रोवला. चांगुणाने सांगितलं, त्याने ऐकलं, त्याला कोणाची परवानगी लागली नाही. काल मोझेस गुरुजी आले. बराच वेळ चपला काढाव्या की नाही अशा विचारात दारात उभे होते. मग म्हणाले, "दीनाबाई, आमच्या घरातल्याही हल्ली देवळात येत नाहीत. मी त्यांना कधी विचारलं नाही." त्यांनी वही मला दिली. आठ नावं मी खोडली. नववं आईचं होतं. तू जानेवारीत तिला भाकर दिलीस, पण नाव तसंच ठेवलं होतंस. तेही मीच खोडलं.

रविवारी प्रभुभोजन आहे आणि पाळी तुझी आहे. दुसऱ्याला पाठवू नकोस. बायकांनी ठरवलं आहे की भाकर आणि प्याला आधी, उपदेश मागून. पंचांनी हे अजून मान्य केलेलं नाही, पण त्यांना कोणी विचारलेलंही नाही. आम्ही सगळ्या दाराच्या बाजूला बसणार आहोत. तू भाकर दे, आणि मग तुला हवा तेवढा वेळ उपदेश कर. जिला बसवेल ती बसेल. जी उठून जाईल, ती का गेली हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे.

दीना